घरकुलांना व्यवस्थापक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांत करिअरच्या पुरवण्या येतात. त्यांत माझ्या कामाचा उल्लेख मी अजून वाचलेला नाही. मी कोल्हापूरच्या राजारामपुरी भागातल्या काही गृहनिर्माण सोसायट्यांची पगारी व्यवस्थापक आहे. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी झाल्यावर सहकार खात्याची सी.एच.एम., म्हणजे सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची परीक्षा दिली. जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व हिशेबाची सरकारी पदविका परीक्षा अनेकांना ठाऊक असते, तिच्याबरोबरच होणारी ही परीक्षा फारशी कुणाला माहीत नाही. हेच काम मला घरकुलांत करायचे आहे. तिथे गरज कितीतरी जास्त आहे, पण तसे पदच नाही.

सुट्टीच्या दिवशी मी एका घरकुल इमारतीचे हिशेब लावून द्यायला जाते. चार मजले, लिफ्ट नाही. मध्यंतरी सामाईक मीटरचे बिल थकले, वीज तोडली, पाण्याची मोटर बंद पडली. वरच्या मजल्यांवरच्या बायका खालच्या नळावरून घागरी चढवत होत्या. लोकांना पैसे द्यायचे नव्हते असे मुळीच नाही. गोळा कोणी करायचे, ठेवायचे कोणाकडे, पावती कोण देणार, हेच ठरलेले नव्हते. पावतीपुस्तक केले, प्रत्येक महिन्याचे बिल जिन्यात लावायला सुरुवात केली, तेव्हा वर्गणी येऊ लागली. तिथल्या बऱ्याच जणी धुणीभांडी करतात, त्यांचा पगार दहा तारखेपर्यंत होतो. म्हणून वसुली बारा तारखेला ठेवली. अशा गोष्टी दारोदार फिरल्याशिवाय कळत नाहीत.

पंतप्रधान आवास योजनेत भागीदारीतून बांधल्या जाणाऱ्या इमारतींतल्या प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख अनुदान मिळत आले आहे. ते घर बांधण्यासाठी. पुढे ते राखायचे कसे? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची गंगाजळी, किमान 0.25 टक्के हवा. एका घराच्या बांधकामाचा खर्च आठ लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला 8000 रुपये होतात. वीज, पाणी, सफाई वेगळी. मोलमजुरी करणाऱ्या घराला हे झेपत नाही, म्हणून निधी उभाच राहत नाही आणि पहिल्या मोठ्या पावसात भिंतींना ओल धरते. सुरुवातीची काही वर्षे यातला निम्मा वाटा महापालिकेने उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये हा रीतसर पेशा आहे. ऑक्टाव्हिया हिल यांनी 1865 च्या सुमारास लंडनच्या गरीब वस्तीत भाडेवसुली, दुरुस्ती आणि भाडेकरूंची विचारपूस एकाच व्यक्तीकडे सोपवली आणि त्यासाठी स्त्रियांना तयार केले. तिथेही हेळसांड झालीच. रॉचडेलमध्ये 2020 साली दोन वर्षांचे मूल घरातल्या बुरशीमुळे दगावले. त्यानंतर 2023 च्या कायद्याने ओल-बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घेण्याची आणि वरिष्ठ व्यवस्थापकांना व्यावसायिक पात्रता सक्तीची करण्याची तरतूद केली. कोल्हापूरच्या पावसात भिजलेल्या भिंतींकडे पाहताना मला त्या मुलाची आठवण होते.

माझी मागणी साधी आहे. महापालिका आणि म्हाडा यांनी प्रत्येक घरकुल प्रकल्पासाठी, ताबा दिल्यापासून निदान पाच वर्षे, पगारी व प्रशिक्षित व्यवस्थापक नेमावा. एकाकडे दोन-तीन इमारती दिल्या तरी चालेल. शिवाजी विद्यापीठ आणि कोल्हापुरातलीच ‘सायबर’ ही शिक्षणसंस्था यांच्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी याच इमारती द्याव्यात, म्हणजे शिकतानाच त्यांना हिशेब, उपविधी आणि माणसे तिन्ही समजतील. ज्या मुलामुलींना हे काम करावेसे वाटते, त्यांनी पद निघण्याची वाट न पाहता सी.एच.एम.चा अर्ज भरावा आणि जवळच्या एखाद्या सोसायटीत सचिवाच्या हाताखाली वर्षभर दप्तर सांभाळावे.

— एक सोसायटी व्यवस्थापक, राजारामपुरी, कोल्हापूर