विषय: आमच्या कुत्रीच्या सोनोग्राफीत तुम्हाला सापडलेल्या प्रोस्टेटबद्दल (ही ग्रंथी फक्त नरात असते)

पाळीव प्राण्यांच्या तपासणी सेंटरच्या मॅनेजमेंटला,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला, म्हणजे मी नाही ठेवला, त्यांनीच ठेवला, १७ मिनिटं ती पियानोची ट्यून ऐकवून झाल्यावर. "सर, करेक्टेड रिपोर्ट डिलिव्हर झालेला आहे, तुमचं तिकीट क्लोज झालंय", बस एवढं बोलायला १७ मिनिटं. एसटीचं तिकीट असतं तर निदान वर्ध्याला पोचलो असतो. मागोमाग मेसेज, आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच स्टार द्या. देतो ना स्टार, आधी हे वाचा.

तुमचं ॲप, तुमचं मशीन, तुमचा गोल्ड प्लॅन हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे ते सांगत बसत नाही. कुत्री सात वर्षांची, गावठी, वजन १९ किलो, नाव तर्री. रंगावरून ठेवलंय, नागपुरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या काउंटरवरच्या पोराने मान हलवली आणि टाइप केलं टेरी. ब्रीड लॅब्राडोर, सेक्स मेल. स्क्रीनचं तोंड त्याच्याकडे होतं, मला काय दिसणार. बिल हातात आल्यावर म्हटलं, भाऊ फीमेल आहे ना ही, तर म्हणे, "ते फक्त बिलावर असते सर, रिपोर्टमध्ये डॉक्टर बघूनच लिहितात." डॉक्टर बघूनच लिहितात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

आणलं काहून होतं तर दीड महिन्याआधी ती हीटवर (माजावर) येऊन गेली होती आणि आता पाणी पिणं अचानक वाढलं, जेवण बंद, दोनदा उलटी. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, माणूसच कूलरसमोरून उठत नाही तर कुत्रीला काय बोलणार, म्हणून पहिले दोन दिवस आम्हीही उन्हाच्या नावावर ढकललं. पण आईचं लक्ष होतं. म्हणाली, "सकाळपासून तिसऱ्यांदा भांडं भरून राहिली मी, आणि दारातच मुतून राहिली ती, असं कधी करत नाही." तर्री घरात कधीच करत नाही, पावसाळ्यातसुद्धा गेटपर्यंत भिजत जाते. नसबंदी राहून गेली ती आमची चूक, मान्य, ते ऐकवायला फोन करू नका.

शनिवारी तुमच्या सेंटरवर आलो. सीबीसी ६००, लिव्हर-किडनी ११००, गोचीड तापाची किट १३००, सोनोग्राफी १८००, रजिस्ट्रेशन २००, बरोब्बर पाच हजार, आधी भरा मग बसा. आठ तास उपाशी आणा म्हणाले, आणली. ब्लॅडर भरलेलं पाहिजे, लघवी करू देऊ नका म्हणाले. जी कुत्री दर वीस मिनिटांनी मुतते म्हणून आणली आहे तिला लघवी करू देऊ नका! दहाचं टोकन, आत घेतलं सव्वा एकला. तोवर तिने तुमच्या वेटिंगमधल्या चकचकीत टाइल्सवर दोनदा केलं आणि पुसणाऱ्या दादांनी आम्हाला असं पाहिलं की जणू आम्हीच केलं.

सोनोग्राफी झाली चार मिनिटात. मी घड्याळ लावून नव्हतो बसलो पण बायको बाहेर फोनवर होती, तिचा कॉल संपायच्या आत आम्ही बाहेर. पोटावरचे केस काढले नाहीत, केसांवरच जेल चोपडलं. केसात हवा अडकली की चित्र नीट येत नाही हे मला नंतर कळलं, तुम्हाला तर आधीपासून माहीत असेल, तुमचा धंदाच तो आहे. प्रोब धरलेल्या मुलाचा दुसरा हात मोबाइलवर. ज्या पोटावर तो प्रोब फिरवून राहिला होता त्याच पोटावर दोन्ही बाजूंनी आचळांच्या रांगा आहेत, पाच पिल्लांना पाजून लोंबलेल्या. नरालाही असतात, माहीत आहे मला, पण अशा नसतात.

रिपोर्ट आला रविवारी रात्री ९:४० ला व्हॉट्सॲपवर. लिव्हर नॉर्मल, स्प्लीन नॉर्मल, दोन्ही किडन्या नॉर्मल, ब्लॅडर ॲडिक्वेटली फिल्ड (तुमची फरशी विचारा), आणि खाली, प्रोस्टेट नॉर्मल इन साइज अँड शेप. गर्भाशयाबद्दल एक शब्द नाही. ओव्हरीबद्दल नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी आणली होती ती तुमच्या टेम्प्लेटमध्ये नव्हतीच, कारण तुमच्या टेम्प्लेटला वाटलं हा टेरी आहे. डॉक्टर बघूनच लिहितात!

रक्ताच्या रिपोर्टमध्ये डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, ४१,२००. तुमच्याच कागदाच्या उजव्या रकान्यात लिहिलंय कुत्र्यांना ६ ते १७ हजार चालतात. बाजूला ठळक एच छापलाय, एच म्हणजे हाय, तो एच तुमच्यापैकी कोणी वाचला का? सोमवारी सकाळी ॲपवरचं ते 'व्हेटशी बोला' दाबलं. तिथल्या डॉक्टर मॅडम दोन मिनिटात मोकळ्या झाल्या, सोनोग्राफी क्लीन आहे, थोडं इन्फेक्शन असेल, गर्मी लागली असेल, ओआरएस द्या. मी म्हटलं मॅडम ती प्रोस्टेटची ओळ बघा, तर म्हणे रिपोर्टिंगबद्दल कस्टमर केअरशी बोला.

बोललो. हा कॉल मी शब्द न शब्द लिहून राहिलो, रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, "क्वालिटी आणि ट्रेनिंग"साठी करता ना.

"मॅडम, रिपोर्टमध्ये प्रोस्टेट नॉर्मल लिहिलंय."

"हो सर, नॉर्मल आहे, काळजी करण्यासारखं काही नाही."

"अहो पण आमची फीमेल आहे."

कीबोर्डचा आवाज. "सर, सिस्टिममध्ये मेल आहे."

"सिस्टिममध्ये असेल, माझ्या घरात फीमेल आहे."

होल्ड. पियानो. मी किचनच्या ओट्याला टेकून उभा, तर्री फ्रिजच्या बाजूला थंड फरशीवर आडवी, डोळे अर्धे उघडे, पोट इतकं ताणलेलं की श्वास घेताना मागचा पाय थरथरत होता. मॅडम परत आल्या.

"सर, मी सीनियरशी बोलले. तुम्ही नीट चेक केलंय का?"

"काय चेक केलंय का?"

"म्हणजे सर, पेटचं जेंडर. कधी कधी पेट पेरेंट्सचं कन्फ्युजन होतं."

मी काही सेकंद बोललोच नाही. सात वर्षं सांभाळली आहे, दर हीटला गल्लीतले सगळे कुत्रे गेटवर ठिय्या देऊन बसतात, त्यांचं कन्फ्युजन होत नाही, आणि माझं होतं?

"मॅडम, पाच पिल्लं दिली आहेत तिने."

"ओके सर. त्याचं काही प्रूफ आहे का?"

प्रूफ! पिल्लांचा जन्मदाखला काढायला मी महानगरपालिकेत जायला पाहिजे होतं, चुकलंच.

"वॅक्सिन कार्ड चालेल सर. ॲपवर अपलोड करा, ४८ तासात जेंडर अपडेट होईल. करेक्शन चार्ज ३०० रुपये लागेल."

म्हणजे चूक तुमच्या पोराने टाइप केली आणि ती खोडायचे ३०० मी द्यायचे. बरं म्हटलं, जेंडर अपडेट झाल्यावर गर्भाशय बघाल का? तर म्हणे, "त्यासाठी नवीन स्कॅन बुक करावं लागेल सर, गोल्ड प्लॅनवर दहा टक्के ऑफ आहे." यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं, त्या मुलीचा दोष नाही, तिला तुम्ही जे कागदावर लिहून दिलं ते ती वाचून राहिली. त्या मुलीला सॉरी. तुम्हाला नाही.

बायकोने मागून घाबरून ३०० भरून टाकले, तिला वाटलं भरले तर निदान कोणी रेडिओलॉजिस्ट पुन्हा फोटो बघेल.

संध्याकाळी तर्रीला उभंच राहता येईना. उचलून मागच्या गल्लीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं. छोटासा गाळा, एसी नाही, ॲप नाही, गोल्ड प्लॅन नाही. त्यांनी पोटाला हात लावला, तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवरचा तो एच बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "मागची हीट कधी झाली हिची?" पाच हजारात तुमच्या एकाही माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. नसबंदी न झालेली कुत्री, हीटनंतर महिना दीड महिना, पाणी जास्त, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पायोमेट्रा असू शकतो, ते म्हणाले. गर्भाशयात पू. आणि गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर बाहेर काही गळत नाही, मग सोनोग्राफीशिवाय कळणार कसं? त्याच रात्री दुसरीकडे सोनोग्राफी केली, त्यांनी आधी पोटाचे केस काढले, मशीन नंतर चालू केलं. स्क्रीनवर काळ्या काळ्या नळ्या, मला सुद्धा दिसल्या, मी बँकेत काम करतो.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन. काढलेलं गर्भाशय १ किलो ४०० ग्रॅम. १९ किलोच्या जिवात. डॉक्टर म्हणाले अजून एक दिवस ओआरएस पाजत बसला असता तर आत फुटलं असतं. ती आहे, टाके निघाले, आज सकाळी पोळी खाल्ली आणि दुसरी मागितली.

आता तुमच्या त्या करेक्टेड रिपोर्टबद्दल, ज्याच्यासाठी ३०० रुपये घेतले आणि ज्याच्या नावावर आज तिकीट क्लोज केलं. तो गुरुवारी आला, ऑपरेशन होऊन दोन दिवस झाल्यावर. उघडला. नाव तर्री, बरोबर. सेक्स फीमेल, बरोबर. ब्रीड अजून लॅब्राडोर, जाऊ द्या. आणि खाली तीच ओळ, प्रोस्टेट नॉर्मल इन साइज अँड शेप. तीनशे रुपयात तुम्ही फक्त वरचं लेबल बदललं! फोटो कोणी उघडून बघितलाच नाही, ना पहिल्यांदा ना दुसऱ्यांदा. आणि तळाला परत ते, हा रिपोर्ट कॉम्प्युटरने तयार केला आहे, सहीची गरज नाही. सहीची गरज आहे, साहेब. कोण्या डॉक्टरने ते प्रोस्टेट "बघितलं" त्यांचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर मला लेखी पाहिजे.

आणि सोनोग्राफीचे १८०० आणि ते ३०० परत पाहिजेत. वॉलेटमध्ये क्रेडिट नको, बँकेत. बाकीचे ठेवा, रक्ताचं मशीन तरी खरं बोललं, ऐकणारा कोणी नव्हता. ३०० तर परत पाहिजेच पाहिजे, रकमेसाठी नाही, पण तुमची चूक दुरुस्त करायचे पैसे मी भरले आणि चूक तशीच आहे हे मला झोपू देत नाही.

पंधरा दिवस वाट बघतो. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकून ठेवली आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या केसला फी लागत नाही आणि मला दोन वर्षांची मुदत आहे, बँकेत आहे म्हटलं ना, कागद सांभाळायची सवय आहे. पशुवैद्यक परिषदेलाही कॉपी जाईल.

खरं सांगू तर तुमचं सेंटर सुरू झालं तेव्हा मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, आता नागपुरात चांगली सोय झाली, बघा. चार जणांनी माझ्या सांगण्यावरून गोल्ड प्लॅन घेतला. त्यांना आता मीच एकेकाला फोन करून राहिलो, आणि पहिला प्रश्न सगळ्यांना तोच विचारतो की बिलावर मेल आहे का फीमेल ते बघा.

तर्रीचा पेट पेरेंट (जेंडरबद्दल कन्फ्युजन नसलेला)
मनीष नगर, नागपूर

ता. क. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ट्रेमध्ये काढलेला फोटो सोबत जोडला आहे, बाजूला मोजपट्टी ठेवली आहे. मोठा करून बघा. प्रोस्टेट दिसलं तर कळवा.