पाचगणीच्या इतिहासात बाजारपेठ कुठंय?

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पाचगणी-महाबळेश्वरच्या इतिहासावर पानभर लेख आला, फोटो फार सुंदर होते, चर्चचा, जुन्या बंगल्यांचा, टेबललँडचा, पण लेख संपला तरी अख्ख्या पानात इथला एक माणूस भेटला नाही म्हणून राहवेना आणि लिहायला बसलो. साहेब आले, त्यांना हवा मानवली, बंगले उठले, झाडं लागली आणि गाव वसलं, एवढंच. अहो पण त्या बंगल्यात सकाळी दूध कोण घालत होतं, चादरी कोण धुत होतं, सामान घाटातून वर कोण आणत होतं? आमचं सगळं घराणं वाई-पाचगणीच्या पट्ट्यातलं, आजोबा खिंगरहून पाचगणीत दूध घालायचे, त्यामुळे हे लागतं मनाला.

पाचगणी वसवणारा इंग्रज म्हणून जॉन चेसनचं नाव लेखात चार वेळा आलंय, ठीक आहे, त्यांचं काम मोठंच आहे, नाकारायचं कारण नाही. 1860 च्या दशकात दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांच्या मधल्या पठारावर त्यांनी वस्ती आखली. महाबळेश्वरला पाऊस इतका कोसळतो की पावसाळ्यात तिथं राहणं मुश्किल, पूर्वी तर घरांना चहूबाजूंनी गवताची झड बांधून लोक खाली निघून यायचे, आणि पाचगणी त्याच डोंगरावर थोडी पूर्वेला, पावसाच्या आडोशाला, म्हणून बारा महिने राहता येईल अशी जागा. पण त्याच चेसनने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार यांना बोलावून बाजाराच्या खालच्या अंगाला जागा दिल्या, तेच आजचं गावठाण, हे मात्र लेखात नाही. म्हणजे बाजाराशिवाय हवा खायला येणारा माणूस चार दिवस पण टिकणार नाही हे त्या साहेबाला पक्कं ठाऊक होतं आणि आपण आज लिहिताना नेमकं तेच गाळतो.

महाबळेश्वरचं पण तसंच आहे. 1829 मध्ये गव्हर्नर माल्कमने सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला, त्यांना वाईकडचं खंडाळा गाव दिलं आणि डोंगरावरची जागा घेतली, मग माल्कम पेठ झाली. पेठ म्हटलं की दुकानं आलीच ना. पुढे मुंबईचं सगळं सरकार उन्हाळ्यात वर यायला लागलं आणि साहेब लोकांना भाजी लागायची, ती पिकवली कोणी तर मलाया-सिंगापूरकडच्या इंग्रजी वसाहतींतून पाठवलेल्या चिनी कैद्यांनी. तिथं त्यांचा तुरुंग होता, 1864 मध्ये तो बंद झाला. बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड त्यांनी केली आणि इथल्या कुणब्यांनी ती त्यांच्याकडून उचलली. कुठल्या कुठं समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेली ही माणसं, त्यांनी या डोंगराला एक पीक शिकवलं आणि आज त्यांच्या नावाचा साधा फलक पण डोळ्याला पडत नाही. मला तरी ही गोष्ट सनसेट पॉइंटपेक्षा मोठी वाटते.

आणि गमावलं कोणी ते पण लिहायला पाहिजे होतं. महाबळेश्वरच्या रानात धावड लोक लोखंड गाळायचे, भट्टीला कोळसा लागतो, जंगल राखीव झाल्यावर कोळसा बंद, वरून विलायती लोखंड स्वस्तात यायला लागलं, धंदाच बसला, आणि हे कारागीर मोलमजुरीला लागले. हवापाण्याच्या ठिकाणाला झाडी हवी हे बरोबरच आहे, पण ती राखण्याची किंमत कोणाच्या चुलीतून वसूल झाली हे सांगायला नको का.

आता खरा मुद्दा, सॅनेटोरियम, म्हणजे क्षयाच्या रुग्णांना चांगल्या हवेत ठेवायची इस्पितळं. टीबीवर औषध नव्हतं तेव्हा मोकळी हवा, झोपून विश्रांती आणि सकस खाणं हाच इलाज. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 च्या सुमारास पाचगणीत क्षयाच्या रुग्णांसाठी काम सुरू केलं, त्यातून बेल एअर हे सॅनेटोरियम उभं राहिलं. आता सकस खाणं म्हणजे काय, दूध, अंडी, मटण, ताजी भाजी, आणि हे मुंबईहून येत नव्हतं हो, खिंगर, आंब्रळ, दांडेघरच्या गोठ्यातून येत होतं, वाईच्या बाजारातून पसरणीच्या घाटाने येत होतं. रुग्ण वाठार स्टेशनला उतरायचा, तिथून टांग्याने वाई, मग घाट चढून पाचगणी, खोकणाऱ्या माणसाला शेजारी बसवून घाट चढवायचा हे काम टांगेवाल्यांनी केलं. रुग्णांच्या चादरी-टॉवेल धोब्यांनी धुतले, तेव्हा हा रोग लागतो, मारतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि लस-गोळी काही हाताशी नव्हती. आमच्या घरात म्हातारी माणसं सांगायची की दुधाची किटली रुग्णाच्या दारापाशी ठेवायची, भांडं त्यांचं वेगळं, पैसे उकळत्या पाण्यातून काढून मग कनवटीला लावायचे. भीती होतीच पण दुधाचा रतीब चुकवला नाही. त्यामुळे रुग्ण बरा होऊन घरी गेला तर त्यात डॉक्टर आणि हवेबरोबर यांचा पण वाटा आहे, असं मी अगदी ठामपणे म्हणतो.

मग औषधं आली. स्ट्रेप्टोमायसिन 1940 च्या दशकात, आयसोनियाझिड 1952 मध्ये. 1959 मध्ये मद्रासला क्षयाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले की घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, भले घर दाटीवाटीचं असो, खाणं साधं असो. गरिबांसाठी ही देवासारखी बातमी, जगभरातली सॅनेटोरियमं त्यानंतर ओसरत गेली. पण विचार करा, ज्या गावाचा मोठा आधार रुग्ण होता त्या गावाचं पुढे काय व्हायला हवं होतं? अशी ठिकाणं ओस पडतात. पाचगणी पडली नाही, आणि ती का पडली नाही हे त्या लेखात असायला हवं होतं.

एक कारण म्हणजे शाळा. बिलिमोरिया हायस्कूल 1908 चं, संजीवन 1922 चं, अजून कितीतरी. हवा चांगली म्हणून पोरं इथं ठेवायची ही त्याच विचाराची दुसरी फांदी, आणि वसतिगृहाच्या पोराला पण दूध लागतं, पाव लागतो, गणवेश शिवून लागतो, कपडे धुऊन लागतात. रुग्णांसाठी बसलेली घडी विद्यार्थ्यांसाठी तशीच चालू राहिली, नवीन काही उभारावं लागलं नाही. दुसरं म्हणजे शेती. ज्या 1959 साली मद्रासचा निष्कर्ष आला त्याच साली पाचगणीत किशोर व्होरा यांनी मॅप्रो सुरू केलं, स्ट्रॉबेरीचा जॅम, मग सरबतं. स्ट्रॉबेरी इंग्रजांनी आणली हे सगळे लिहितात, पण ती पंधरा गुंठ्यात परवडेल अशी कोणी केली, भिलार-खिंगरच्या शेतकऱ्यांनीच ना. जूनमध्ये मदर प्लांट लावायचे, पावसात सांभाळायचे, त्यांना फुटणारे रनर, म्हणजे नवी रोपं देणारे धुमारे, काढायचे, सप्टेंबर-ऑक्टोबरला बेडवर लावायचे, ठिबक, मल्चिंग पेपर, आणि मग डिसेंबरपासून पहाटे थंडीत वाकून तोडणी, चांगला माल बॉक्समध्ये आणि उरलेला कारखान्याला. दिवसाआड तोडणी, मजूर मिळत नाहीत, एक अवकाळी पाऊस आला की फळ मऊ पडून सगळं बसतं. 2010 मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या कष्टांना मिळालं. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी याच टापूत पिकते आणि पर्यटक क्रीम घालून खातो तेव्हा त्याला वाटतं की ही हवेतच उगवते.

हे सगळं जुनं उकरायचं कारण असं की 2001 मध्ये हा भाग इको सेन्सिटिव्ह झोन झाला, म्हणजे निसर्ग जपण्यासाठी बांधकाम-उद्योगांवर बंधनं आली, तेव्हापासून इथं काय ठेवायचं आणि काय नाही याच्या चर्चा चालूच असतात, आणि त्यात गाव म्हणजे बंगले आणि पॉइंट असं धरून लोक बोलतात. झोनला माझा विरोध नाही, उलट डोंगर राहिला तर आम्ही राहू. पण बाजारपेठेतली जुनी दुकानं, चपला शिवणारे, बेकरीवाले, गोठे, स्ट्रॉबेरीचे बेड हे पण या जागेचं जुनं वैभव आहे आणि बोलताना ते मोजायला हवं. शेतीचं पाणी आणि हॉटेलचं पाणी यात ओढाताण होते तेव्हा शेतकरी नुकताच आलेला असल्यासारखं त्याच्याशी बोलू नये, तो साहेबाच्या आधीपासून इथं आहे.

तर माझी विनंती दोन गोष्टींची. एक, तुमच्या पेपरने वाचकांना आवाहन करावं, पाचगणी, वाई, महाबळेश्वरच्या घराघरांत जुन्या रतीबाच्या वह्या, उधारीची खाती, टांग्याचे परवाने, दुकानांचे फोटो अजून ट्रंकेत पडून असतील, ते छापा, दर आठवड्याला एक जरी छापलं तरी चालेल. ज्यांना हे तोंडपाठ आहे ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. दोन, नगरपालिकेने पॉइंटवर जसे फलक लावलेत तसे बाजारपेठेत आणि गावठाणात पण लावावेत, मराठीत, की ही धोब्यांची आळी, इथं टांगे थांबायचे, आणि महाबळेश्वरला चिनी तुरुंगाच्या जागी एक. आमच्या घरातली आजोबांची रतीबाची वही मी द्यायला तयार आहे, कार्यालयात आणून देतो, फक्त कोणाकडे द्यायची ते कळवा.

आपला,
एक जुना वाचक, वाई