गंगव्वाचं नाव

खानापूर

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस आणि मला एक शब्द सुचला नाही. फोन ठेवल्यावर सगळं आठवलं, म्हणून लिहायला बसले. केनियातल्या तुमच्या काकुमा निर्वासित छावणीत रेशनला कात्री लागली, पोरी उपाशीपोटी वर्गात येतात आणि मी त्यांना अपूर्णांक शिकवते, काय उपयोग, असं विचारत होतीस.

२०१९ चा ऑगस्ट आठव. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय एकदमच फुगल्या होत्या. चर्चच्या हॉलमध्ये जमलेले कपड्यांचे गठ्ठे घेऊन आम्ही बायका गोकाकच्या बाजूला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसली होती, अंगावरची लुगडी अंगावरच वाळलेली. आम्ही गठ्ठे सोडले तर निम्म्या साड्या टिकल्यांच्या, लग्नात नेसायच्या. परकर एक नाही. जन्मभर इरकल नेसलेल्या बायांपुढे त्या साड्या धरताना माझी मान वर होईना. देण्याआधी विचारायला हवं होतं, एवढं साधं आम्हाला सुचलं नव्हतं.

एका आजीनं साडी घेतली, पण जागची हलेना. शेजारणीनं सांगितलं म्हणून मी वहीत 'बसप्पाची आई' असं लिहिलं होतं. आजीनं वहीवर बोट ठेवलं. "नन्न हेसरु बरीरी." माझं नाव लिहा. मी खोडलं, 'गंगव्वा' लिहिलं, अंगठा घेतला. मग ती सरकली. घर गेलेलं, म्हैस गेलेली, आणि ती नावासाठी अडून बसली होती.

मला ते फार लागलं. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे तुझ्या आज्जीचं नाव एका कागदावर चुकीचं पडलं आणि ते दुरुस्त व्हायला दोन वर्षं गेली. अर्ज कानडीत, आज्जीला फक्त मराठी यायचं. खिडकीपाशी ती गप्प उभी राहायची आणि लोकांना वाटायचं, म्हातारीला काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं, स्नेहल. सीमाभागात वाढलेल्या पोरीला हे वेगळं सांगायला नको. म्हणून तिथल्या सुदानी, सोमाली पोरींची नावं त्यांच्या तोंडून दोनदा ऐक, मगच हजेरीपटावर घाल.

तुझे बाबा बेळगावच्या सेंट पॉल्स शाळेचे, जेझुइट पाद्र्यांच्या. फादर आरुपे या जेझुइट पाद्र्याबद्दल त्यांनी तिथेच ऐकलं. ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तेव्हा आरुपे हिरोशिमाच्या वेशीवर होते. वैद्यकीचं थोडं शिकलेले. जेझुइटांच्या घराचा त्यांनी दवाखाना केला आणि हाताशी होती त्या बोरिक पावडरीवर भाजलेल्यांच्या जखमा सांभाळल्या. पुढे व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळालेल्यांचे हाल बघून १४ नोव्हेंबर १९८० ला त्यांनी तुमची संस्था, निर्वासितांसाठीची जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस, उभी केली. सोबत, सेवा आणि हक्कासाठी बोलणं, ही तुमची तीन कामं ना? त्यात सोबत पहिली आहे. रेशन वाढवणं तुझ्या हातात नाही. रोज त्या वर्गात जाऊन उभं राहणं आहे.

आणि ते अपूर्णांक म्हणजे उपकार नव्हेत. १९५१ च्या निर्वासित करारात शिक्षणाचा हक्क लिहिलेला आहे आणि केनिया त्यात आहे. आपल्या देशानं त्यावर सही केलेली नाही, तरी १९६६ पासून आपल्याच कर्नाटकात मुंडगोडला तिबेटी निर्वासित राहतात. थंडीत आपल्याला स्वेटर विकणारी ती मुंडगोडची बाई आठवते? तुझ्या मापाचा लाल स्वेटर ती बाजूला काढून ठेवायची. तिची मुलगी शिकून नर्स झाली, ते सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होतास.

एक सांगायचं राहिलं. छावणीच्या कुंपणाबाहेरच्या, मूळच्या तिथल्याच तुर्काना बायांशीही बोलत जा. त्या दुष्काळातच जगतात, आणि बाहेरून येणारी मदत आपल्याला ओलांडून आत जाते असं त्यांना वाटलं तर राग येणारच.

कुंदा पाठवणार होते, पण तो उन्हात टिकणार नाही. लसणाची चटणी पाठवते. जेवत जा, उपाशी पोरींपुढे घास उतरत नसला तरी.

तुझ्या वर्गातल्या पोरींची नावं मला देवनागरीत लिहून पाठव, उच्चार असेल तशी. रात्री रोझरीला मी एकेक घेईन. 'काकुमातली मुलं' असं मला म्हणायचं नाही.

तुझी,
आई