तुझ्या राजीनाम्याविषयी, उशिराने

नीना, काउंटी टिपरेरी

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

चौदा महिन्यांत तुला पत्र लिहिले नाही, आणि याला कामाचा व्याप हे कारण दिले तर तू हसशील, म्हणून देत नाही. आम्ही सर्व खुशाल आहोत. साखर आटोक्यात आहे. गुडघा जसा होता तसाच आहे.

गेल्या महिन्यात येथील हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) क्लबच्या वार्षिक सभेत कोणीच हात वर करीना, तेव्हा मला खजिनदार करण्यात आले. चिरंजीवांच्या बारा वर्षांखालील संघाबरोबर हर्लींचा, म्हणजे खेळाच्या काठ्यांचा, भारा वाहत मी तीन वर्षे मैदानावर उभा असतोच. येथे या कामाचे पैसे कोणालाही मिळत नाहीत. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर खेळणारासुद्धा सोमवारी आपल्या शाळेत, शेतावर किंवा बँकेत हजर होतो. दोन्ही जबाबदाऱ्या सोडाव्यात असे माझ्या मनात आहे. राजीनामा लिहून खणात ठेवला आहे, पण तो द्यायला निघालो की तू आपल्या कबड्डी मंडळाचे प्रशिक्षकपद सोडलेस त्या रात्रीचा तुझा चेहरा आठवतो आणि मी परत बसतो.

हे पत्र लिहायला निमित्त टिपरेरीच्या हर्लिंग संघाचा माजी प्रशिक्षक लिअम शीडी. तो जवळच्याच पोर्टरो गावचा, त्यामुळे क्लबात त्याचा विषय निघाला की चहा गार होतो. १९९७ साली अखिल-आयर्लंड अंतिम सामन्यात क्लेअरकडून एका गुणाने हरलेल्या टिपरेरी संघात तो होता. पुढे प्रशिक्षक झाला, २००६ मध्ये काउंटीच्या कुमार संघाला अजिंक्यपद मिळवून दिले आणि २००७ च्या शेवटी ज्येष्ठ संघ हाती घेतला. त्या काळी प्रशिक्षक ब्रायन कोडीच्या किलकेनी काउंटीला कोणी हरवू शकेल असे वाटतच नव्हते. २००९ च्या अंतिम सामन्यात शीडीची मुले पाच गुणांनी कमी पडली. २०१० ची सुरुवात तर कॉर्ककडून दहा गुणांच्या पराभवाने झाली, आणि आपल्याकडे असते तर त्याच रात्री कट्ट्यावर नवा प्रशिक्षक नेमला गेला असता. तो मात्र मागच्या दाराने, म्हणजे पराभूत संघांच्या फेरीतून, एकेक सामना काढीत ५ सप्टेंबरला पुन्हा किलकेनीसमोर उभा राहिला. किलकेनी सलग पाचव्या अजिंक्यपदासाठी उतरली होती. लार कॉर्बेटने एकट्याने तीन गोल केले (एक गोल म्हणजे तीन गुण, हे तुला मागे सांगितले होते आणि तू त्याला 'लोणापेक्षा स्वस्त' म्हणाला होतास), आणि ४-१७ विरुद्ध १-१८ (आधी गोल, मग सुटे गुण) अशी टिपरेरी जिंकली.

आणि ऑक्टोबरात हा मनुष्य पद सोडून गेला. बँकेतली नोकरी, घर आणि संघ या तिन्हींना पुरेल इतका वेळ आपल्यापाशी नाही, असे त्याचे सरळ म्हणणे. त्याच्याबरोबर मायकल रायन आणि इमन ओशे हे सहकारीही गेले. त्यांतला ओशे तर गॉलवेला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. गावाला वाईट वाटले, फार वाटले. पण आमच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांकडे मी खोदून खोदून चौकशी केली, तेव्हा त्याला पळपुटा म्हटल्याचे एकालाही आठवेना.

मी तुला म्हटले होते. जिल्हा अजिंक्यपदाच्या ढालीवरचा गुलाल पुसला गेला नव्हता, तुझी बदली झाली होती, वहिनींना सातवा महिना होता, आणि तू किल्ल्या टेबलावर ठेवून 'आता मला जमणार नाही' एवढेच म्हणालास. त्यावर मी जे बोललो ते पंधरा जणांनी ऐकले. शिवाय चिटणीस या नात्याने इतिवृत्तात 'प्रशिक्षक जबाबदारी टाळून गेले' असे लिहिले, तेही माझ्या त्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात. (अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला बंडूला पाठवणे ही मात्र तुझी चूकच होती, त्यावर मी आजही ठाम आहे.)

पण मला खरी बोच आहे ती पुढच्या भागाची. शीडी खेळापासून तुटला नाही. हर्लिंगच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या 'हर्लिंग २०२०' समितीचा तो अध्यक्ष झाला. तेव्हा पेनल्टीचा मोठा वाद चालू होता: कॉर्कचा गोलरक्षक अँथनी नॅश चेंडू बराच पुढे उडवून धावत जाई आणि गोलाच्या इतक्या जवळून हाणी की रेषेवर उभ्या असलेल्यांच्या जिवाची काळजी वाटावी. २०१५ पासून फटका वीस मीटरच्या रेषेच्या पुढे न येता मारायचा आणि समोर तिघांऐवजी एकानेच उभे राहायचे, असे ठरले. शीडीचे सहकारीही एकेक करून परतले. ओशेने पुढे संघ सांभाळला, रायनने २०१६ मध्ये अजिंक्यपद आणले. आणि २०१८ मध्ये काउंटीने शीडीला पुन्हा बोलावले, तेव्हा तो आला. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात तीच किलकेनी चौदा गुणांनी हरली, आणि २०१० मधली पोरे, पॉड्रिक मार, ब्रेंडन मार, नोएल मॅग्रा, आता संघातली जाणती माणसे झाली होती. २०२१ मध्ये तो दुसऱ्यांदा पायउतार झाला.

त्याला परत येता आले, कारण जाताना त्याच्यामागे कोणी दार आपटले नव्हते. तुला मंडळाने नंतर दोनदा विचारले आणि तू दोनदा नकार दिलास, हे मला दादांकडून कळले. त्या नकारात माझा वाटा किती, हे विचारण्याचे धैर्य चौदा महिने होत नव्हते. आता विचारतो आहे. उत्तर गोड करून लिहू नकोस.

मुक्ताच्या बारावीचे अभिनंदन. वहिनींच्या बढतीचे काय झाले? घराचे रंगकाम संपले असेल असे समजतो.

माझा राजीनामा तुझे उत्तर येईपर्यंत खणातच राहील. डिसेंबरात तीन आठवडे येत आहे. मंडळाच्या कपाटात ती इतिवृत्ताची वही अजून असेल, तर बाहेर काढून ठेव. ती ओळ मीच लिहिली होती, ती मलाच खोडायची आहे, आणि पंधरातले जे कोणी गावात असतील त्यांना त्या दिवशी बोलावून ठेव. बंडूलाही.

तुझा,
अविनाश