हिरवळीखाली पाहायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी शरदाच्या सुरुवातीला बॅजर या बिळात राहणाऱ्या निशाचर प्राण्याने सलग तीन रात्री येऊन आमच्या हिरवळीची चाळण केली, तेव्हा झुडपांखालचे त्याचे बीळच बुजवून टाकायला निघालेल्या मला आपण थांबवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. ब्रिटनमधला 1992 चा कायदा बॅजरइतकेच त्याच्या बिळालाही संरक्षण देतो, हेही मला आपल्याकडूनच कळले. त्याआधी, अगदी सुरुवातीला, मी हा उद्योग एखाद्या मोकाट कुत्र्याचा समजत होतो. निमुळते खड्डे, कुंपणाकडेच्या उथळ खळग्यातली उघडी विष्ठा आणि एका ओळीत उमटलेली पाच बोटे आपण दाखवलीत, तेव्हा कुठे कुत्रा निर्दोष सुटला.

परंतु खरे ऋण पुढचे आहे. आपण माझ्याकडून खुरपे मागून घेतलेत, उचकटलेले गवत सतरंजीच्या कडेसारखे वर उचललेत आणि तळहाताएवढ्या जागेतून सात हुमण्या काढून माझ्यासमोर ठेवल्यात : पांढुरक्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. गवत इतक्या सहज उचलले गेले, कारण त्याची मुळे हुमणीने आधीच कुरतडली होती. बॅजर गवतासाठी नव्हे, तर या अळ्यांसाठी आणि गांडुळांसाठी येतो, हे त्या क्षणी मला नीट उमगले.

सूत्रकृमींचे पाकीट मी हिवाळ्यासाठी राखून ठेवणार होतो. हुमणीच्या शरीरात शिरून तिला मारणारे हे सूक्ष्म जीव थंड किंवा कोरड्या मातीत निरुपयोगी ठरतात, मातीचे तापमान साधारण 12 अंशांच्या वर हवे, असे बजावून आपण त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, झारीने ते पाण्यातून घालायला लावलेत आणि पुढचे काही दिवस माती ओली ठेवायला सांगितलेत. गुण यायला वेळ लागणार असल्याने तोवर हिरवळीवर तारेची जाळी अंथरून खुंट्यांनी पक्की केली (तिच्यात बॅजरपेक्षा माझाच पाय अधिक वेळा अडकला), गळालेली फळे रोज दिवेलागणीपूर्वी वेचली आणि पक्ष्यांचे दाणे टाकणे बंद केले. विजेच्या तारेचे कुंपण मला घाईने हवे होते. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा, हा आपला सल्ला मानला आणि खर्च वाचला.

कुंपणाखालची त्याची वाट मात्र आपल्या सांगण्यावरून मोकळी ठेवली आहे, कारण ती बुजवली तर तो शेजारीच दुसरी उकरतो. तो अजूनही येतो. यंदा मात्र महिनाभरात दोनच खड्डे पडले.

उन्हाळा सरताच सूत्रकृमी पुन्हा घातले होते. परवा त्याच जागी तेवढाच तुकडा उचलून पाहिला, तेव्हा एकच हुमणी निघाली. ती मातीसह डबीत ठेवली आहे. आपण आलात की दाखवीन.

आपला कृतज्ञ,
कुंपणाअलीकडचा शेजारी