मंत्रीसाहेब, लेखी देऊनही बोर्ड लागला नाही आणि अजून दोन पोरं गेली

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, परवा रात्री आमच्या रस्त्यावरच्या त्याच मोरीवर अजून दोन पोरं गेली. मोटरसायकलवर होती, समोरून दुधाचा टेम्पो. वळण संपतं तिथंच मोरी अरुंद होते, त्यामुळे समोरचा दिसतो तेव्हा तो अंगावरच आलेला असतो. एक जागेवर गेला, दुसरा दवाखान्यात नेताना वाटेत. याच मोरीवर मागच्या दिवाळीआधी माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हा गावाने रास्ता रोको केला, तुमच्या खात्याचे अधिकारी आले आणि सही-शिक्क्यानिशी लिहून देऊन गेले की पंधरा दिवसांत धोक्याचे बोर्ड, वळणावर काळे-पिवळे बाण, कठड्याला रिफ्लेक्टर आणि दोन्ही अंगाला रंबलर, म्हणजे गाडी हळू करायला लावणाऱ्या आडव्या पट्ट्या, करतो. ते पत्र माझ्याकडे आहे. यातलं एकही काम झालेलं नाही. अर्ज करून, आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकून थकलो, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी इथं बोर्ड होता बरं का. त्रिकोणी, लाल काठाचा, पुढे अरुंद पूल आहे सांगणारा. रस्ता रुंद करून नवीन डांबर टाकलं तेव्हा ठेकेदाराच्या जेसीबीने तो उपटला. तो अजून बाजूच्या चारीत उताणा पडलाय, खांबाच्या बुडाला काँक्रीटचा गोळा तसाच चिकटलेला, वरून घाणेरी वाढलीय. खड्डे होते तेव्हा लोक तीसने जायचे आणि हातपाय शाबूत घेऊन घरी यायचे. आता गुळगुळीत रस्त्यावर साठ-सत्तरने जातात, कोण नाही जाणार? रस्ता रुंद केलात, मोरी जुन्याच मापाची ठेवलीत आणि ते सांगणारा बोर्ड तेवढा काढलात.

साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात १७ मीटर जाते. रात्री डिपरवर मोटरसायकलच्या उजेडात फार पुढचं दिसत नाही, त्यात दिसेपर्यंत, कळेपर्यंत, ब्रेक दाबेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच पंचवीस-तीस मीटर संपले. मोरी दिसल्यावर मग काही करता येत नाही. म्हणून बोर्ड बराच अलीकडे लागतो आणि लाईट पडला की चमकणारा लागतो, ऑइलपेंटने रंगवलेला पत्रा चालत नाही. हे मी नाही सांगत, रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या बोर्डांच्या पुस्तकात आहे, बोर्ड केवढा, किती उंचीवर, किती आधी, सगळं लिहिलेलं आहे. तुमच्या खात्यातल्या इंजिनिअरांनी शिकलेलंच आहे ते. मी वाचलं भाऊ गेल्यावर.

आता भावाचं सांगतो. डोक्यात हेल्मेट होतं, लायसन होतं, दारूचा थेंब घेत नव्हता, हे आधीच सांगतो कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. कठड्याला धडकून खाली गेला आणि पहाटे शेताला पाणी द्यायला निघालेल्या माणसाला दिसला. पोलिसांच्या कागदावर काय आलं माहितीये? मयताने हयगयीने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून गाडी चालवली आणि स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. गुन्हा मेलेल्यावरच, आरोपी मयत, फाईल बंद. मी ठाण्यात विचारलं, साहेब ज्या परिस्थितीकडे त्याने दुर्लक्ष केलं ती त्याला सांगितली कोणी होती? तर म्हणाले, आम्हाला असंच लिहावं लागतं. दोष त्याचाच ठरल्यामुळे नुकसान भरपाईचं पण अडकलं. भावजय पस्तिशीच्या आत, पोरगी बालवाडीत. आई त्या कागदाची घडी उघडून मला विचारते की यात त्याची चूक लिहिलीय का, आणि मी तिला नाही म्हणून सांगतो.

परवाच्या पोरांचंही असंच लिहिणार, आणि जोवर चूक मेलेल्याची ठरते तोवर बोर्ड लावायची गरज कोणालाच वाटणार नाही.

ऑफिसचं विचाराल तर मोरी तुमच्या खात्यात आणि वळणावर येऊन मिळणारा गावचा रस्ता जिल्हा परिषदेत. बांधकामवाले म्हणतात बाणांचे बोर्ड झेडपीच्या हद्दीत येतात, झेडपीवाले म्हणतात तो प्रमुख जिल्हा मार्ग आहे, आमच्याकडे त्यासाठी पैशाचं हेडच नाही. माहिती अधिकारात अंदाजपत्रक मागवलं तर त्यात बोर्ड आहेत! एमबीला, म्हणजे झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीत, नोंद आहे, बिल निघालंय. मग ते बोर्ड गेले कुठं? बांधकामचे अधिकारी म्हणाले चोरीला गेले असतील, भंगारवाले नेतात. बरं, चोरीला गेले असं धरू, तर चोरीची तक्रार कुठंय? ठेकेदाराचा दोष दायित्वाचा काळ, म्हणजे बिघडलेलं त्यानेच नीट करून द्यायची मुदत, अजून संपलेली नाही, मग त्याच्याकडून परत का लावून घेतले नाहीत? याचं उत्तर आजतागायत नाही. फाट्यावर मात्र वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स आहे, रात्री त्यावर फोकस असतो. भावी आमदारांचं तोंड अर्ध्या किलोमीटरवरून दिसतं आणि मोरी दिसत नाही.

आणि हे आमच्या एकट्या गावाचं नाहीये. सरकारचेच आकडे आहेत, २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं मेली, त्यातली १५ हजारांच्या वर आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे रोजची चाळीस. देशात तिसरा नंबर आपला. आणि मेलेल्यांत शंभरातले अडुसष्ट ग्रामीण भागातले. २०२० मध्ये स्टॉकहोमला आपल्या देशाने जगासमोर शब्द दिला की २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करू. केंद्रातले रस्ते मंत्री, आपल्याच राज्याचे नितीन गडकरी, लोकसभेत उभं राहून सांगतात की परदेशात परिषदेला गेलो की तोंड लपवायची वेळ येते. त्यांना लाज वाटते हे तरी ते बोलले. आमच्या डिव्हिजनला वाटते का?

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरला सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. वाईटच झालं, त्यांच्या घरच्यांचं दुःख आमच्यापेक्षा कमी नाही. पण तेव्हा किती भराभर हललं सगळं! पूल कुठे अरुंद होतो, बोर्ड पुरेसे होते का, मागच्या सीटचा बेल्ट, सगळ्यावर चर्चा. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस जण गेले तेव्हा त्या वेळचे मुख्यमंत्री स्वतः तिथं पोहोचले. आमच्याकडे एकेक दोन-दोन मरतात, म्हणून कोणी येत नाही. ब्लॅकस्पॉटची, म्हणजे सारखे अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्यासुद्धा बघा, राष्ट्रीय महामार्गावर पाचशे मीटरच्या आत तीन वर्षांत पाच जबर अपघात किंवा दहा मृत्यू. म्हणजे पत्र्याच्या एका त्रिकोणासाठी आधी माणसं मोजून दाखवायची. आमचा तर महामार्गही नाही, आम्ही कुठल्या यादीत बसायचं?

२०१९ ला मोटार वाहन कायद्यात १९८ अ कलम आलं. रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या दर्जाची नसेल आणि त्यातून माणूस मेला किंवा अपंग झाला तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. आमच्याकडे हेल्मेटचं चलन मोबाईलवर घरपोच येतं. हे कलम राज्यात किती जणांवर लावलं तेवढं विधानसभेत सांगा.

आमचं मागणं मोठं नाही. मोरी रुंद होईल तेव्हा होईल. या आठवड्यात दोन्ही बाजूंनी चमकणारे बोर्ड, बाण, कठड्याला रिफ्लेक्टर आणि रस्त्यात बसवायचे चमकणारे कॅट आय. ऊस चालू झालाय, मागं लाल दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर याच मोरीवरून जाणार आहेत, त्यांच्या रिफ्लेक्टरचं आरटीओला सांगा. तालुक्यातले जेवढे रस्ते नवीन झालेत त्या प्रत्येकावर अंदाजपत्रकातले बोर्ड जागेवर आहेत का ते मोजा आणि यादी ग्रामपंचायतीत लावा. ज्याने बिलावर सही केली त्याचं नाव त्या यादीत पाहिजे.

आणि तुमच्या अधीक्षक अभियंत्यांना पाहणीला पाठवा, पण सकाळी अकराला गाडीतून नको. रात्री आठनंतर, मोटरसायकलवर, डिपर लावून. तारीख कळवा, मी फाट्यावर थांबतो.

आपला,
एक गावकरी