कटर घेऊन आलेल्या सांगलीच्या दादांना

दादा,

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. कुणी कृष्णाकाठचं वाचत असेल तर त्यांनी ते तुमच्यापर्यंत पोचवावं.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले. हे सगळं पेपरात आलं. वाडीचं, म्हणजे आमच्या बागेचं, दुःख मात्र बाहेरच्यांना लवकर कळत नाही. श्रीवर्धनच्या वाडीत वर माड, त्याखाली पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, पोफळींवर चढलेली मिरी, त्याखाली जायफळ आणि केळी. माड कोसळला की तो एकटा जात नाही. पोफळी कमरेत मोडल्या, मिरीचे वेल त्यांच्यासोबत जमिनीवर आले आणि सावली गेल्यामुळे जी कोवळी झाडं उरली होती ती उन्हाने करपायला लागली. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. आणि ही तर माझ्या सासऱ्यांनी लावलेली झाडं होती.

धान्य आलं, ताडपत्र्या आल्या, मेणबत्त्या आल्या. त्या सगळ्यांचं ऋण आहेच. पण घरातून विहिरीपर्यंत जायला वाट नव्हती आणि पाऊस तोंडावर आला होता. त्या पावसात रोपं लागली नसती तर वर्ष फुकट गेलं असतं. खोडं उचलायला गडी मिळेनात, कारण त्यांच्याच घरांवर छप्पर राहिलं नव्हतं. त्यात कोरोना. मुंबईहून आलेल्या सख्ख्या माणसाला घरात घ्यायलाही लोक कचरत होते. अशा वेळी तुम्ही चौघं पिकअपमधून कटर मशीन, दोरखंड आणि स्वतःचा शिधा घेऊन आलात. "काकू, मागल्या वर्षी आम्ही पुरात होतो. आमच्या घरातला गाळ काढायला कुठून कुठून माणसं आली होती," एवढंच म्हणालात आणि मशीन सुरू केलंत.

विहिरीजवळच्या जायफळावर एक माड आडवा पडला होता. जायफळ नर की मादी हे फुलावर आल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे हाताशी असलेलं फळतं झाड फार मोलाचं. दोर लावून ओढला असता तर माड लगेच निघाला असता, पण जायफळ चिरडलं असतं. मी ते बोलले आणि तुम्ही दोर बाजूला ठेवलात. शेंड्याकडून हात-हातभर कापत आलात, दोघांनी खाली उभं राहून एकेक तुकडा धरून उतरवला. अख्खी दुपार त्यात गेली. दुसऱ्याच्या एका झाडासाठी इतका वेळ देणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

सरकारने बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. पण आमच्याकडे जमीन गुंठ्यांत. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने पाच हजार येतात, त्यात खोडं बाहेर काढायची मजुरीसुद्धा भागत नाही. पुढे झाडागणिक मदत द्यायचं ठरलं, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. ती येईपर्यंत आम्ही हात बांधून बसलो नाही, ते तुमच्यामुळे. तुम्ही तर पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

जागा मोकळी झाली म्हणून त्याच पावसात आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत पोफळीची रोपं. त्यातल्या काहींना आता सुपारी धरली आहे. जायफळ फळतं आहे.

आमच्या घराकडून, आणि तुम्ही जिथे जिथे मशीन चालवलंत त्या आमच्या सगळ्या पाखाडीकडून, म्हणजे आळीकडून, मनापासून आभार. घरच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. श्रीवर्धनला या, बरोबर सगळ्यांना घेऊन या.

तुमची,
श्रीवर्धनची काकू